कोठीवरची लाल चिठ्ठी

आई, आज रविवार आहे आणि घरात आवरायला काही म्हणजे काही उरलेलं नाही. सकाळपासून ओटा तीनदा पुसला, चमच्यांचा कप्पा रिकामा करून पुन्हा तसाच भरला, बाथरूममधल्या बादल्या लहानमोठ्या बघून लावल्या. तरी बूड टेकत नाही. "या पोरीला बसायचं वावडं हाय," असं तू म्हणायचीस, ते आजही खरं आहे. वारा तारापूरकडून आला की कंपन्यांचा तो आंबूस वास येतो, म्हणून खिडकी लावली. मग उकडलं म्हणून उघडली. मग पुन्हा लावली. बाबा घरात नाहीत. बावीस दिवस झाले, ते उमरोळीला निघून गेलेत, आपल्या जुन्या घरात, एकटे. भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मी घर आवरलं, एवढंच झालं.

आवरण्यावरून तुझं-माझं कधी जमलंच नाही. उमरोळीच्या त्या दोन खोल्या आणि पडवी डोळ्यांसमोर आली की अजून माझे हात शिवशिवतात. दाराआड मोडक्या छत्र्यांच्या काड्या, खाटेखाली बाबांनी कंपनीतून आणलेले पुठ्ठे, खुंटीला पिशवीत पिशवी आणि त्या पिशवीत आणखी पिशवी, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या, मिठाईच्या खोक्यांची सुतळी गुंडाळून ज्या डब्यात ठेवलेली त्यावर 'साखर' लिहिलेलं. मला मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची. हो, लाजच. नववीत असताना दिवाळीच्या आधी तू शेतावर गेलेली बघून मी एक गाठोडं उचललं, तुझ्या फाटक्या लुगड्यांचं, आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. तू आलीस, हातपाय धुतलेस, पाणी प्यायलीस आणि कोपऱ्याकडे बघितलंस. "कोणाला इचारून टाकलंस?" मी म्हटलं, त्याचा उपयोग काय? "तुजा नसंल. माजा नसंल. घरात आनखी मानसं हायत ना? इचारायला तोंड नाय तुला?" मग तू मला उकिरड्यावर पाठवलंस. शेजारची काकी कुडाच्या पलीकडून बघत होती आणि मी रडत, नाक ओढत ते गाठोडं परत आणलं. त्या दिवशी तू माझ्याशी जेवणापुरतंच बोललीस.

महिन्याभरातच त्याच काकीची सून बाळंत झाली. काकी दारात आली, "वैनी, लंगोटाला मऊ कापड हाय का, जुनं, धुवट?" आणि तू न बघता त्या कोपऱ्यात हात घातलास. मला वाटलं आता टोमणा येणार. आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान मी उलट बोलले असते. पाड्यावर कुणाला काही कमी पडलं की लोक दुकानाच्या आधी आपल्याकडे यायचे. कुणाला बाटलीचं बूच, कुणाला लग्नातल्या पत्रावळी बांधायला सुतळी. आणि मागेल ते तुझ्याकडे असायचं. आम्ही बोईसरला हा फ्लॅट घेतला, तेव्हा तू उमरोळीहून रिक्षात मांडीवर गाठोडं धरून आलीस. धुऊन पुसून चकचकीत केलेल्या नऊ काचेच्या बरण्या, जुन्या पेपरात गुंडाळलेल्या. माझा पांढरा ओटा, आत सरकणाऱ्या ट्रॉल्या, रिकाम्या भिंती बघून म्हणालीस, "एवढं मोकळं? चोर आला तर त्यालाच लाज वाटंल गो." सगळे हसले, मीपण हसले. बरण्या माळ्यावर टाकल्या आणि पुढच्या वर्षी तू गेलीस. त्याला आता अकरा वर्षं झाली. बरण्या एकदाही खाली काढल्या नाहीत.

बाबा तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि मी त्यांना इकडे घेऊन आले. सोबत एक टेम्पो भरून सामान आलं, त्यातलं निम्मं तुझं. मी कपाळावर हात मारून घेतला. तुझी तांदळाची कोठीसुद्धा होती, पत्र्याची, माझ्या कमरेच्या वर येणारी, हिरवा रंग पोपडे पडून उडालेला. त्यात तू वर्षाचा तांदूळ भरायचीस, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घालून. इथे आम्ही पाच किलोची पिशवी आणतो. कोठी आतल्या खोलीत बाबांच्या कॉटच्या डोक्याशी उभी राहिली, रिकामी, आणि तिच्यामुळे कपाटाचं एक दार कधी पूर्ण उघडलं नाही. तीन वर्षं मी ते दार अर्धंच उघडून कपडे काढत होते आणि दर वेळी मनातल्या मनात तुला दोन शब्द सुनावत होते.

यंदा तुझी नात बारावीला आली. तिला टेबल लावायला जागा हवी होती. आणि मी काय काम करते ते तुला ठाऊक नाही, तू गेल्यानंतरचं आहे ते. कंपनीत मी फाइव्ह एसचं बघते. तुझ्या भाषेत सांगायचं तर कंपनीची आवराआवर, आणि तिचा मला पगार मिळतो. हस, खुशाल हस. दर सोमवारी कामगारांपुढे उभी राहून मी हिंदीत सांगते, "भाई, जो चीज सालभर किसी ने हाथ में नहीं ली, उसपे लाल चिठ्ठी." चिठ्ठी लागली की पंधरा दिवस वाट बघायची. त्या मुदतीत कुणी चिठ्ठीवर आपलं नाव आणि कारण लिहिलं तर वस्तू राहते, नाहीतर भंगारात जाते. आणि चिठ्ठी लावण्याआधी, "जो इस्तेमाल करता है, पहले उससे पूछो." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. तीच चिठ्ठ्यांची गड्डी मी घरी आणली आणि एका शनिवारी दुपारी घरभर लाल करून टाकलं. घरच्यांना नियम समजावला. ह्यांनी कॅरम बोर्डावर नाव घातलं, कारण: 'कधीतरी खेळू.' पोरीने एका पायाच्या स्केटवर लिहिलं, 'आठवण. प्लीज मम्मी.' मी दोन्ही ठेवलं. बाबा कॉटवर बसून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "हे लिवायचं कोणी? घरातल्यांनी?" मी स्टुलावर चढून माळ्यात डोकं घातलेलं. मागे न वळता म्हटलं, "हो बाबा, घरातल्यांनी."

त्यांनी अख्खी नोकरी तारापूरच्या कापड कंपनीत रंगखात्यात काढली, आई. हाताला कधी निळा, कधी तांबडा रंग घेऊन यायचे आणि तू त्यांच्यासाठी वेगळा साबण ठेवायचीस. सायबाच्या सहीशिवाय कधी एक बादली त्यांनी इकडची तिकडे केली नाही. असा माणूस लेकीच्या घरात, जावयाच्या नावाच्या पाटीखाली, चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालेल? हे मला आज दिसतंय. तेव्हा मी कोठीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'वापर: नाही.' सोळाव्या दिवशी भंगारवाला आला. तुझ्या बरण्या गेल्या, पितळी घंगाळ गेलं, शेवटी कोठी जिन्याच्या कठड्याला आपटत खाली गेली. ती दारातून बाहेर निघत नव्हती, तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून हॉलमधल्या हाताच्या खुर्चीतून उठले आणि त्यांनी दार धरून ठेवलं. संध्याकाळी टेबल लागलं. कपाटाचं दार पूर्ण उघडलं. मी ते उगाच दोनदा उघडून बघितलं, बाई गं, किती बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून कळलं. बाबा सहाला उठणारे, नऊ वाजले तरी चहाला आले नव्हते. आत गेले तर कॉटच्या कडेला बसलेले, पाय खाली सोडून, कपडे बदललेले नाहीत. "चहा ठेवू?" म्हटलं. "ठेव, येतो." चहा झाला, निवला, तरी आले नाहीत. मी दारातून पाहिलं. त्यांनी डावा हात बाजूला उचलला, कोठी होती तिथे, आणि हवेतून तसाच परत मांडीवर ठेवला. तीन वर्षं ते कोठीच्या झाकणावर भार टाकून उठत होते. मोडलेल्या खुब्याला नेमकी तेवढीच उंची लागत होती. मी धावले, काखेत हात घालून उठवलं. "हाक का नाही मारलीत?" "तुजा सुट्टीचा दिवस, म्हटलं झोपली असशील." त्याच संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातून चांगला चार पायांचा वॉकर आणला. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाले, "आभारी हाय." मला म्हणाले, आई! आपल्या लेकीला! चार दिवस त्यांनी तो वापरला. पाचव्या दिवशी चुलतभाऊ रिक्षा घेऊन आला. "पावसाआधी कौलं बघून येतो जरा," म्हणत बाबा दोन जोड कपडे घेऊन गेले, आणि रात्री फोन आला की राहतो इकडंच.

सोमवारी कामावरून सुटून मी भंगारच्या दुकानात गेले. म्हटलं, मागेल ते देईन पण कोठी परत नेईन. तो पोत्यांवर बसून जेवत होता. "मॅडम, वो तो उसी दिन दबा दिया." त्याने हाताच्या तळव्यांनी कसं दाबलं ते दाखवलं आणि पुन्हा जेवायला लागला.

गेल्या रविवारी उमरोळीला गेले. घर झाडलेलं होतं. बाबांनी स्वतः चहा केला, कप विसळून दिला, पाहुणीला देतात तसा. खिडकीच्या गजाला दोर बांधलेला दिसला, गाठी मारलेला. तो ओढून ते उठतात. मी म्हटलं, "चला बाबा, पोर विचारते तुम्हाला. तिच्या परीक्षेचं वर्ष, तुम्ही असलात की ती टेबलाशी बसते तरी." ते म्हणाले, "तिकडं आता सगळं जागच्या जागी लागलं हाय तुजं. आमी आलो की परत पसारा." माझं डोकंच फिरलं. बावीस... नाही, तेव्हा पंधरा दिवस झाले होते, पंधरा दिवसांची माझी सगळी झोप त्यात होती. मी ओरडलेच. "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर! चिठ्ठीवर नुसतं नाव घालायचं होतं. मला काय स्वप्न पडणार होतं?" त्यांनी माझा रिकामा कप जवळ ओढला. मग म्हणाले, "व्हय बाय. चुकलंच माजं. सांगाया हवं होतं. तू मनाला लावून नको घेऊ." आणि मी काय म्हणाले माहितेय? मी म्हणाले, "असू दे."

तेव्हापासून मला बसवत नाही. कंपनीत सोमवारी बोलताना 'पहले उससे पूछो'ला माझी जीभ अडखळली आणि एक कामगार हसला. घरी टेबलाची जागा दोनदा बदलली. पोर म्हणाली, "मम्मी, आता बस कर, मला चक्कर येते." हे सगळं तुला लिहायला बसले कारण तुला लिहिणं सोपं आहे, तू उकिरड्यावर परत पाठवणार नाहीस. हे कुठे टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. द्यायचं असेल तर उमरोळीला, त्यांच्या हातात द्यायला हवं, आणि तेवढी हिंमत माझ्यात आज नाही.

म्हणून तुला सांगते. चिठ्ठीच्या पंधराव्या दिवशी, दुपारी, मी ओट्याशी भांडी घासत होते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा कोठीसमोर उभे होते, एक हात झाकणावर, दुसऱ्यात पेन. टोपण काढलेलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग मान वळवून स्वयंपाकघराकडे, माझ्याकडे बघितलं, विचारू का म्हणून. मला कळलं होतं. मला कोठी नको होती, कपाटाचं दार हवं होतं. मी मान खाली घातली आणि नळ मोठा सोडला, आई, म्हणजे त्यांनी हाक मारलीच तर मला ऐकू आली नाही असं म्हणता यावं.