नव्याच्या पानावरचा पाहुणा

सुपा, आश्विन वद्य ५, शके १८३३

तपकीर वारली! इथल्या दमट हवेने डबीतच तिचा चिखल झाला. सुतक किती दिवस पाळायचे, याबद्दल शास्त्र गप्प. गावातले एकही नाक समाचाराला आले नाही.

आश्विन वद्य ६

बेळगावहून संपादकांचे पत्र — ‘रानात लपूनछपून कुमरी चालते म्हणतात. स्वतः पाहून लिहा.’ पाहायचे काय? रान तोडून जाळायचे, राखेत नाचणी पेरायची. सरकारची मनाई, पोटाची परवानगी. नंदिगड्ड्याच्या झिलू कुणब्याकडे त्याच नाचणीची आंबील मी पितो. (काशीच्या गुरुजींना कळू नये!) या तालुक्यात मला ‘बसा’ म्हणणारे तेवढेच घर.

आश्विन वद्य ७

लिहू की नको? गुरुजींनी धर्माच्या शाखा घोकून घेतल्या होत्या. सामान्यधर्म म्हणतो, खरे बोल. विशेषधर्म, म्हणजे ज्याच्या त्याच्या पेशाचा, म्हणतो, बातमीदार आहेस, दडवू नकोस. आपद्धर्म म्हणतो, कुणाच्या पोटावर येत असेल तर तोंड मीट. तीन शहाणे भांडतात आणि निवाड्याला मी एकटा!

शेवटी तोड काढली. नाव नाही, गाव नाही, नुसती चालरीत. नवे धान्य पहिल्यांदा शिजते त्या दिवशी, म्हणजे ‘नव्या’ला, हे लोक दारी आलेल्याला परतवत नाहीत आणि त्या पानावर खोटे बोलत नाहीत — हे वाक्य फार साधले. पाकीट टपालात टाकले.

कार्तिक शुद्ध २

छापून आले! नाव कुठेही नाही. भिंतीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने हरकत घेतली नाही.

कार्तिक शुद्ध ९

नंदिगड्ड्याला गेलो. झिलू घरात नाही. त्याची सून फुला अंगणात बसलेली.

‘पंत, नव्याला जंगलचा गार्ड आला. बसा म्हटलं, बसला. दोनदा भाकरी घेतली वो! मग इचारलं, नाचणी कुठली? मामांनी सांगून टाकलं — डोंगरामागची, आमचीच.’

‘अगं, दुसरं काही सांगायचं!’

‘नव्याच्या पानावर?’ खुळ्याकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले.

झिलू हळियाळच्या कोठडीत. उभी कणसेही नेली.

‘चार वर्सं हाय त्यो हितं. नव्याला कधी आला न्हाई. औंदाच कसं सुचलं त्याला?’

मी खाली मान घालून आंबील प्यायलो. गार्डाच्या साहेबाच्या कचेरीत आमचे साप्ताहिक येते. लिहितानाही मला हे ठाऊक होते.

कार्तिक शुद्ध १०

‘लेख गाजला, आणखी पाठवा’ — संपादक.

कार्तिक शुद्ध ११

फुलाला सांगायचे ठरवून निघालो. काळी नदीच्या उतारावरून परत फिरलो.

कार्तिक शुद्ध १२

झिलूच्या काळजीने झोप लागत नाही, असे लिहायला बसलो होतो. खरे नाही ते. सांगितले तर मला पुन्हा कुणी ‘बसा’ म्हणणार नाही, ही भीती आहे.