आखडलेलं मनगट

प्रिय बाबा, नमस्कार.

मी मजेत आहे. बोट जरासं सोललंय, पण आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

इथे सॉफ्टबॉलच्या शिबिरात महिनाभर ड्रॉप बॉल टाकायला शिकतेय. तो सरळ जाऊन बॅटपाशी अचानक खाली उतरतो. माझा काही उतरेना. काल कोच वैतागल्या, "सोडताना मनगट का आखडतेस? समोर कुणाला सांभाळतेस?"

बाबा, तुम्हाला नीट दिसेनासं झाल्यापासून अंगणात मी हळूच टाकत होते. उपड्या बादलीवर बसून झेलताना तुम्ही मात्र म्हणायचात, "बघ, एकही सुटला नाही!"

आज मनगट मोकळं सोडलं आणि बॉल उतरला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. मी आले की बादली उपडी घाला. यावेळी सांभाळून टाकणार नाही.

तुमची,
डावखुरी