चढाची गाडी

१२ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी मजेत आहोत. छकुलीला खालचे दोन दात आलेत आणि त्यांची धार ती माझ्या खांद्यावर बघते. तिचे बाबा जहाजावरून उन्हाळा संपेपर्यंत काही परतत नाहीत. मी तिला कडेवर घेऊन गाड्यांच्या वर्कशॉपला कामावर जाते. मोठ्या टायरमध्ये गादी घालून दिली आहे, तिथे बसून ती मला नटबोल्टचे पाने देते. हवा तो कधीच नाही.

बाबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुम्ही या. नुसते भेटायला नाही, राहायला या. मीच आले असते, पण ही पोर घाटात वळणागणिक ओकते. मागच्या खेपेला अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं, तेव्हापासून माझी हिंमत होत नाही. नातीला आजोबा फक्त फोटोत माहीत, हे बरं का?

बस तुम्हाला चालत नाही आणि आपली म्हातारी गाडी सपाट रस्त्यावर किंचाळते, हे मला पाठ आहे. म्हणून एक सुचवते. आमच्याकडे तुमच्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स आलाय. तो बसेल. फक्त मागचं एक चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाक पूर्ण दोनदा फिरवा आणि गाडीखालचा मधला शाफ्ट किती वेळा फिरतो ते कळवा. म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा तुमचा डिफरन्शियल कुठला ते मला कळेल, फेरे जास्त तर चढाचा, कमी तर सपाटीचा.

उत्तराची वाट बघते. माया आहेच, पण पत्रातून पुरत नाही.

तुमची,
ठमी

२० जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वा गं वा! उंटावरून शेळ्या हाकायला चांगली शिकलीस. ज्या पोरीला मी मांडीवर बसवून हॉर्न वाजवायला शिकवलं, ती मला चाक फिरवून मोजायला सांगते. मोजलं. शाफ्टचे पाच फेरे व्हायच्या आत चाकाचा हिशेब पुरा होतो. चढाची गाडी आहे ती. सगळा जन्म चार माणसं आणि टपावर सामान घेऊन डोंगर चढली. चढावर बैलासारखी ओढते, सपाटीवर इंजिन नुसतं बोंबलतं आणि पोचायच्या आत तापतं.

बॉक्स पाठवू नकोस. या वयात तिचं पोट फाडायचं कशाला? आणि राहायला यायचं म्हणशील, तर घर कोणावर टाकू? इथे भिंतीला खिळा आहे, तोसुद्धा तुझ्या आईने ठोकलेला आहे.

तुला सांगतो, तिला खालचा समुद्र बघायचा होता. दर वर्षी म्हणायची, आणि मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ, सपाटीला गाडीचे हाल होतात. गाडीचे हाल वाचवले मी. आता वळणावर बाजूच्या सीटकडे बघतो. ती काचेखाली हात टेकवून बसायची, तिथला रंग उडालाय. फार आठवण येते गं.

असो. नातीचे दात जपावेत, खांदाही जपावा.

तुझा,
बाबा

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. बॉक्स ट्रकने पाठवला आहे. रंगाच्या उडालेल्या जागेचं वाचून मला राहवेना. त्या दिवशी माझ्या हातून एक बेअरिंगही नीट बसलं नाही.

गाडी बघणाऱ्या मिस्त्रीकाकांना सांगा, शाफ्ट थोडा आखूड करावा लागेल. बाकी मी सगळं जुळवलं आहे. या बॉक्सचा पहिला गिअर जरा लांब आहे, म्हणजे धाव जास्त, ओढ कमी, पण तुमचा मागचा डिफरन्शियल चढाचा असल्यामुळे तो सांभाळून घेईल. आणि सपाटीला पाचवा टाकलात की इंजिन गुणगुणेल. नवराबायकोसारखं आहे, एकाने धाव घ्यायची तर दुसऱ्याने जमीन धरायची. म्हणजे तुम्ही खाली या, वाटेल तेव्हा वर जा. कोणी अडवणार नाही. मी अडवीन, पण ते सोडा.

छकुली तुमच्या फोटोला ओलं बिस्कीट भरवते. फोटो आता बघवत नाही. दुसरा पाठवू नका, स्वतः या.

तुमची हट्टी,
ठमी

२६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हसणार नसशील तरच पुढे वाच. हसशीलच. माझीच मुलगी.

तुला नाही नाही म्हटलं खरं, पण ते पत्र पेटीत टाकलं आणि घरी चैन पडेना. तसाच मिस्त्रीकडे गेलो. त्याच्या आवारात आपल्याच कंपनीची एक मोडकी गाडी पडली आहे. तिचा डिफरन्शियल लांब पल्ल्याचा निघाला, शाफ्टचे फेरे चारही भरत नाहीत. म्हटलं, घाल. एक दिवस तुझ्या दारात हॉर्न वाजवायचा, असा बेत होता. मग तुझा बॉक्स आला. मिस्त्री म्हणाला, आधी ताईंना विचारा. मी म्हटलं, तिला विचारलं तर गंमत काय राहिली? एका औषधाने बरं वाटतं, तर दोन घेऊन दुप्पट बरं वाटेल.

अति तिथं माती, ठमे. दोन्ही बसवून नुसत्या चाचणीला घाट उतरलो. उतरताना काय सांगू! खालच्या सपाट रस्त्यावर इंजिन इतकं शांत की बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा कान लावला. गाणं म्हटलं. तुझ्या आईशी मोठमोठ्याने बोललो. मग परत फिरलो, आणि पहिल्याच वळणावर म्हातारीने मान टाकली. पहिल्या गिअरलाही उचलेना, क्लच जळल्याचा वास सुटला. शेवटी एक जुनी युक्ती आठवली. रिव्हर्स पहिल्यापेक्षाही जड ओढतो. गाडी वळवली आणि अख्खा घाट पाठमोरा चढलो! दूधवाला, पोस्टमन, शाळेची पोरं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मान अजून सरळ होत नाही.

आता काय करू ते सांग. तू म्हणशील तसं.

वाकडी मान करून वाट बघणारा,
बाबा

५ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हसले. वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग मागे जाऊन रडले. तुम्ही माझ्यासाठी गाडीचा कणा बदललात आणि मला नाही म्हणून लिहून बसलात. काय माणूस आहात!

उपाय सोपा आहे. दोन्ही लांब झाल्यामुळे गाडीत धाव उरली, ओढ गेली. तुमचा जुना डिफरन्शियल परत घाला, माझा बॉक्स राहू दे. मिस्त्रीकाकांना अर्ध्या दिवसाचं काम. मग याल आणि परतही जाल.

खरं सांगू? हे लिहिताना हात अडला. वाटलं, सांगूच नये. खाली येतील आणि इथेच राहतील. पण तुम्हाला फसवून ठेवून घ्यायचं नाही मला. तुम्ही यावंत आणि तुम्हालाच जावंसं वाटू नये, इतकंच हवं होतं.

लोभ कमी करू नका.

तुमची,
ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो लगेच पाना घेऊन गाडीखाली सरकला. मी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला. म्हटलं, राहू दे.

घराची किल्ली त्याच्याकडे दिली आहे. आईचा खिळा उपटून खिशात घेतला, तुझ्याकडे भिंत असेलच. परवा सकाळी निघतो. उतारच उतार आणि मग सपाट, त्याला ही गाडी झकास आहे. आधी समुद्राकडून येईन. बाजूची सीट रिकामी ठेवली आहे, तिच्यावर सामान ठेवलं नाही.

जुना डिफरन्शियल गोणपाटात बांधून डिकीत घातलाय. तो बसवल्याशिवाय मला वर येता यायचं नाही, आणि पाठमोरं चढायची हौस फिटली. तो तूच बसवायचा, दुसऱ्या कोणाच्या हाताला देणार नाही. आल्यावर तो तुझ्याकडे ठेव, मी परत मागेन. म्हाताऱ्या माणसाला घर आठवतं, चिडूनही मागेन.

लगेच देऊ नकोस गं.

तुझा,
बाबा