चार दिव्यांचं ओझं

४ मार्च

ताई आली. दोन बॅगा आणि डोळ्यावर पट्टी. उजवा डोळा गेलाच, डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं.

दाजींचं रिमोटचं विमान थेट तिच्या तोंडावर आलं. खेळणं म्हणतात लोक, पण चांगलं दीड किलोचं, पुढे फिरता पंखा. दाजी एकच धरून बसलेत – "मी रिमोटची दांडी ओढली, विमानानं ऐकलंच नाही. बॅटरी बसली." ताई म्हणते, शायनिंग मारायला डोक्यावरून नेत होते, तीनदा नको म्हटलं होतं मी.

बॅटरी माझी. जुनी. मीच दिली होती, मीटर लावून. साडेबारा व्होल्ट दाखवत होता. "बिनधास्त उडवा दाजी," असं म्हटलं होतं. राहून राहून तेच आठवतंय.

५ मार्च

जेवताना ताई म्हणाली, "चूक झाली म्हणाले असते तर मी परत गेले असते. पण खोटं बोलत असतील तर नाही. तेवढं शोधून दे मला."

म्हणजे माझ्यावर आलं.

७ मार्च

नुसता मीटर लावून काही कळत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. काम नसताना मेलेली बॅटरीसुद्धा आकडा झकास दाखवते. ओझं टाकलं की खरं काय ते कळतं. म्हणून गाड्यांचे पुढचे चार दिवे एकत्र जोडायचे – विमानाची मोटार ओढते जवळपास तेवढीच वीज ओढतात. गॅरेजवाल्यानं जुने दिवे काढून दिले. "रोषणाई कुणाच्या लग्नाची?" म्हणाला. हसलो.

९ मार्च

फळीवर दिवे बसवले, तारांना सोल्डरचे डाग दिले, टेस्टर तयार. दुसऱ्याच एका बॅटरीवर पेटवून बघितले तर खोली पांढरीफटक! ताई भिंतीकडे तोंड करून बसली. उरलेल्या डोळ्याला उजेड सोसत नाही तिला. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा घातला वरून. जरा जोर लावून दाबावा लागला. आता फटीतून एक रेघ तेवढी दिसते.

१० मार्च

विमानातली ती बॅटरी पडताना चेपलीसुद्धा नव्हती. पूर्ण भरली, दिव्यांना जोडली, घड्याळ लावलं. पाच मिनिटं. आकडा पावणेबारा व्होल्टच्या खाली गेलाच नाही. डबासुद्धा नुसता कोमट.

म्हणजे बॅटरी चांगली आहे. खरं लिहायचं तर आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

ताईला आकडे दाखवले. "बरं," म्हणाली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.

१३ मार्च

दाजी आले होते. दाढी वाढलेली, चपलाही काढेनात, दारातच उभे. वाटलं भांडतील, माझ्या टेस्टरला नावं ठेवतील. तर म्हणाले, "तू मोजलंस ना, मग बरोबरच असेल. माझाच हात चुकला असेल. मला तर आता नीट आठवतही नाही रे."

ताई आतून आली नाही. मी पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना.

१४ मार्च

दाजींनी सगळी विमानं भंगारात घातली म्हणे. पंधरा वर्षांचं काम.

२० मार्च

ताईनं वकिलाची वेळ घेतली. परवा अकरा वाजता. सोबत मी जायचं.

२१ मार्च

टेस्टर मोडायला घेतला. डबा उचलला – डब्याच्या कडेखाली तार चेपून तुटलेली. तीन दिव्यांची. त्या दिवशी खाली एकच दिवा जळत होता.

तार जोडली. तीच बॅटरी पुन्हा पूर्ण भरून लावली. चारही दिवे भक्कन पेटले आणि अर्ध्या मिनिटात लाल होऊन विझले.

बाहेरच्या खोलीतून ताईनं विचारलं, "कसला रे उजेड?"

"आलो," म्हटलं. आणि आधी हे लिहायला बसलो.