बोर्ड दिसतो का

आप्पा, आपल्या दुकानाचा बोर्ड आता फोनमध्ये लागतो, आणि तोही दिवसभर नाही. विहिरीवरची मोटर जळली की माणूस आता उद्यमनगरात विचारत फिरत नाही. फोनवर 'मोटर रिवायंडिंग' असं शोधतो आणि सगळ्यात वर जे नाव दिसेल तिथं जातो. आपलं नाव वर यावं म्हणून सूनबाईनं जाहिरात सुरू केली. नाव नुसतं दिसलं तर फुकट, पण कुणी त्यावर बोट दाबलं की पैसे जातात, आणि त्या दिवसाचे ठरवलेले पैसे संपले की नाव गायब. म्हणून ते कोणत्या वेळी लावायचं यावर सगळं आहे. पोरगा म्हणालाय, दिवाळीपर्यंत काम वाढलं नाही तर गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचा. तेव्हापासून पहाटेच माझी झोप उडते.

तुम्ही बोर्ड रंगवून घेतला ते दिवस आठवतात. पिवळ्यावर लाल अक्षरं. मी शाळा सोडून नुकताच तुमच्या हाताखाली आलोय. तार गुंडाळायची सोडून सारखा रस्ता ओलांडतो, पलीकडे उभा राहून बोर्ड दिसतो का बघतो, परत येतो. कुरुंदवाडचं एक पावणं एसटीच्या टपावर मोटर घालून आलंय, ते तुमच्यासमोर बसलंय. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "बोर्ड कुणासाठी लावलाय?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकासाठी." "मग त्यास्नी बघू दे की. तू बघून काय मोटर आणणार हायस?" पावणं हसलं. "असू दे मालक, एक तरी वाचणारा घावला." माझे कान तापले. तरी दुसऱ्या दिवशी तुमच्याआधी येऊन मी पुन्हा पलीकडे उभा राहिलो होतो. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

आता रस्ता ओलांडावा लागत नाही. पहाटे डोळा उघडला की फोन घेतो, शोधतो, नाव येतं. मग पत्ता बरोबर आहे ना, नंबर आपलाच आहे ना, म्हणून दाबून बघतो. चहा होईपर्यंत चार-पाचदा तरी होतं. दाबल्यावर पैसे जातात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. महिन्याभरानं सूनबाई खुशीत आली. "मामा, पहाटेच लई जण बघत्यात. आता जाहिरात पहाटेचीच ठेवते." मी विचारलं, "फोन किती आलं?" "एक बी न्हाय. बघत्यात आणि जात्यात. कोण असतील ओ?" "असंल कोणतरी काळजीतला," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

परवा जुन्या ओळखीचं एक पावणं जळकी मोटर घेऊन आलं. म्हणालं, "दुकान बंद झालं म्हणत होतं आमचं पोरगं. फोनवर दिसंना." मी म्हणालो, "पहाटे बघायचं की." "पहाटे बघून काय करू? आमच्याकडं लाईट येतीया दुपारी. चालू केल्याबिगर मोटर जळतीया व्हय?" ते गेल्यावर मी सूनबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, नाव दाबलं की कुणाचे पैसे जातात का? "आपलंच की, मामा." दुपारी ज्यांच्या मोटरी जळत होत्या त्यांच्यापर्यंत नाव पोचायच्या आधीच मी ते संपवत होतो. जाहिरात दुपारी लाव, पावणं म्हणत होतं, एवढंच तिला सांगितलं. बोटाचं सांगितलं नाही. तिनं वेळ बदलली आणि फोनमधली नजर न काढता म्हणाली, "आणि त्या काळजीवाल्याला सांगा, नुसतं बघ म्हणावं, दाबू नको." मी चहा ढवळत राहिलो.

आता दुपार आहे. नाव लागलं असेल. फोन मी तारेच्या पेटीत टाकलाय, आणि हात गुंतलेला राहावा म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही तर केव्हाच गेलात, हा कागद जाणार कुठं, तोही त्याच पेटीत पडेल. मघाशी फोन वाजला. अनोळखी पावणं होतं, फोनवर नाव बघितलं म्हणालं, संध्याकाळी मोटर घेऊन येतंय. बोलणं झालं. फोन परत पेटीत ठेवायच्या आधी एकदा बघितलं, आप्पा. नाव होतं. दाबलंही.