पाच डॉलर, रविवार, संध्याकाळी सात

फोर्ट मॅकमरे,
१२ सप्टेंबर

ती. व्हर्ना आत्यास,
लिअँडरचा सा. न. वि. वि.

आधी खुशाली उरकतो. मी ठीक, माझा ट्रक ठीक, कँपातलं जेवण पोट भरण्यापुरतं. तुझ्या हातच्या टूटनवर, त्या तळलेल्या पावावर, काकवी ओतल्याची स्वप्नं पडतात.

आता खरी बातमी. आपल्या गॅनेट टिकलची निम्मी तरुण मंडळी इथे तेलाच्या खाणीवर आणि उरलेलं गाव तिकडे समुद्रावर. सेल्बीने टूम काढली आहे की सगळ्यांनी मिळून ऑनलाइन पोकरची स्पर्धा भरवायची. आपलीच माणसं, आपलंच टेबल, बाहेरचं कुणी नाही. झोपायच्या खोल्यांतून दुसरा विषय नाही, आत्या! पण अजून एक पत्ता पडलेला नाही आणि भांडणं मात्र सुरू. सेल्बी म्हणतो बाय-इन, म्हणजे टेबलाला बसायचे पैसे, पन्नास डॉलर, वेळ रात्री नऊची, आणि सक्तीची पैज, म्हणजे प्रत्येक डावाआधी आळीपाळीने टाकावेच लागणारे पैसे, दर आठ मिनिटांनी वाढवायची. कुणी म्हणतं शंभर, कुणी म्हणतं फुकट.

शेवटी मी सांगून टाकलं की व्हर्ना आत्याने इतकी वर्षं चर्चच्या हॉलमधली पत्त्यांची संध्याकाळ चालवली, ती ठरवेल ते ठरलं. सेल्बीसुद्धा गप्प बसला. तेव्हा होशील ना आमची संयोजक?

बाबांना नमस्कार सांग. ते काय म्हणतील ते ठाऊक आहे, तरी सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
लिअँडर


गॅनेट टिकल,
२२ सप्टेंबर

चि. लिअँडर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि शेगडीवरचे वाटाणे करपले. होईन का म्हणून काय विचारतोस? हॉलची संध्याकाळ बंद पडल्यापासून माझ्या रविवारांना चव उरलेली नाही. टॅब्लेटवर मी रोज खेळते, पण अनोळखी लोकांना हरवण्यात कसली मजा!

तर नीट ऐक, आणि सेल्बीला मोठ्याने वाचून दाखव. बसायचे पैसे पाच डॉलर. पन्नास ठेवले की ज्याला परवडतं तो येतो आणि ज्याला परवडत नाही त्याची त्या दिवशी कंबर धरते. हॉलमध्ये पाहिलंय मी हे सगळं. फुकट तर मुळीच नको. फुकटच्या डावात माणूस पत्ते न बघताच सगळं ढकलतो.

वेळ रविवारी संध्याकाळी सातची. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे साडेबारा, आणि त्या वेळी या गावात जो जागा असतो तो एक तर आजारी असतो नाही तर प्यायलेला. दर तीन आठवड्यांनी एक रविवार धरायचा, म्हणजे तुमच्या सुटीच्या आठवड्यात येईल.

सेल्बी म्हणतो तशी सक्तीची पैज दर आठ मिनिटांनी वाढवायची नाही. वीस मिनिटांनी. इथली काही माणसं एका बोटाने बटणं दाबतात. त्यांना घाई करून बाहेर काढायचं असेल तर बोलावता कशाला? आणि ज्याला हवं त्याने टोपणनावाने खेळावं. कोण आहे म्हणून चौकशी करायची नाही.

तुझा नमस्कार हेडलीला पोचवला. जाळं विणत होता, विणत राहिला. तू बोट सोडून गेलास त्याला चार वर्षं झाली, तरी तुझा फोन आला की अजून शेजारून रिसिव्हर आणून माझ्याच हातात देतो. म्हणून तर कागदावर लिहिते. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे आणि तुझ्या बापाचे कान चांगले आहेत.

गरम कपडे घाल. आत्याचा लोभ गृहीत धर, पण उत्तर वेळेवर लिही.
व्हर्ना आत्या


फोर्ट मॅकमरे,
६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल काय बहार आली! अजून कुणाचे पाय जमिनीवर नाहीत. तेवीस जण बसले, आणि गप्पांच्या चौकटीत निम्मा वेळ पत्ते बाजूला आणि कुणाच्या कुत्र्याने कुणाचा मासा पळवला हेच चाललेलं. पाच डॉलरमध्ये इथे धड नाश्ता येत नाही म्हणून सेल्बी आधी कुरकुरला. मग पहिल्याच तासात बाहेर पडला, आणि शेवटपर्यंत माझ्या खांद्यावरून डोकावून मला चुकीचे सल्ले देत राहिला.

मी चौथा आलो. मला बाहेर काढलं ते 'खारट बूट' नावाच्या कुणीतरी. आत्या, हा प्राणी कोण? अख्ख्या खेळात एक शब्द लिहिला नाही. प्रत्येक पत्त्याला इतका विचार की मी चहा करून परत आलो तरी याचं चाललेलंच. आणि डाव टाकला की असा, की समोरच्याने मुकाट उठावं.

सेल्बीची मागणी आहे की वीसची दहा मिनिटं कर आणि पाचाचे वीस डॉलर. मी फक्त निरोप देतोय. निकाल तू दे.

तुझा, हरूनही खूश,
लिअँडर


गॅनेट टिकल,
१५ ऑक्टोबर

चि. लिअँडर यास,
अ. उ. आ.

निकाल असा: वीस मिनिटं आणि पाच डॉलर. सेल्बीला म्हणावं, पुन्हा कुरकुर केलीस तर हॉलमध्ये तू पत्ता बाहीत लपवला होतास ते तुझ्या आईला कळवीन.

'खारट बूट' माझ्या ओळखीचा आहे, सज्जन आहे, आणि त्याला विचार करायला वेळ लागतो. इतकं पुरे.

मीही मोठी मजा करते आहे, हे तुला कळायला हवं. दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या दारात, जो भेटतो तो पुढच्या रविवारचं विचारतो. जे दोघे एकमेकांकडे बघत नव्हते ते आता एकमेकांच्या मागच्या डावांवरून भांडतात.

यंदा कॉड मासा चांगला लागलाय. हेडली एकटाच बोटीवर जातो, गुडघा दुखतो, कबूल करत नाही. रविवारी संध्याकाळी मात्र माझ्याकडे येऊन बसतो. म्हणतो माझी शेगडी जास्त तापते.

सांभाळून असावं, आणि आम्हालाही आठवणीत असू द्यावं.
व्हर्ना आत्या


फोर्ट मॅकमरे,
२६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

स्पर्धा आत्ताच संपली आणि लगेच लिहायला बसलोय, अक्षराला हसू नकोस. तू तर तिथेच होतीस. पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल.

शेवटी दोघेच उरलो, मी आणि खारट बूट. खोलीत आठ-दहा जण दाटीवाटीने उभे. दोघांचे पैशांचे ढीग जवळपास सारखे. आणि दोन्ही रविवार मिळून जो एक शब्द बोलला नव्हता, त्याची ओळ उमटली: "थांब. वारा फिरलाय. दोरी बघून येतो."

बस, इतकंच. आत्या, घरातून उठून बोटीची दोरी बघायला जाणारी माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत. पण समोरच्याला नुसतं "थांब" म्हणून जाणारा एकच. तुझा पाचाचा हट्ट, वीस मिनिटांचा हट्ट, सातची वेळ, तुझी शेगडी, सगळं कुणासाठी ते एकदम उजेडात आलं.

घड्याळ काही थांबत नव्हतं. तो जागेवर नाही म्हटल्यावर यंत्र त्याचे पत्ते आपोआप टाकू लागलं, म्हणजे डाव सोडू लागलं, आणि त्याची सक्तीची पैज माझ्याकडे येऊ लागली. सेल्बी नाचायला लागला, म्हणाला नुसता बसून राहा, जिंकलास. मी पुढच्या डावात माझे पत्ते टाकले, म्हणजे माझी पैज त्याच्या ढिगात गेली. मग तेच करत राहिलो. एकदा त्याची मला, एकदा माझी त्याला. एका डावात दोन एक्के आले, तेही टाकले. सेल्बीने डोक्याला हात लावला. कुणीतरी विचारलं मला बरं नाही का. मी म्हटलं, बाबा दोरी बघायला गेलेत.

ते परत आले. ढीग बघितले असणार, कारण लिहिलं: "का घेतले नाहीस?"

मी लिहिलं: "दोरी ठीक आहे?"

मग उत्तर आलं, "ठीक आहे. पुढची बदलायला हवी."

त्यानंतर त्यांनी मला दयामाया न दाखवता धुतलं. एका डावात सगळं पुढे लोटलं, मी घाबरून चांगले पत्ते टाकले, तर त्यांनी आपले उघडे करून दाखवले. हातात काहीच नव्हतं! खोलीत हसण्याचा असा गदारोळ की पहारेकरी बघायला आला. दोन डावांत मी संपलो. हरल्यावर इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आता मी काय करू? फोन करू? की ते परत रिसिव्हर तुझ्या हातात देतील?

तुझा,
लिअँडर


गॅनेट टिकल,
४ नोव्हेंबर

चि. लिअँडर,

आशीर्वाद.

व्हर्नाने तुझं पत्र वाचून दाखवलं. मी वाच म्हटलं नव्हतं.

बसायचे पैसे दहा करा. पाचात माणूस घाबरत नाही, आणि घाबरत नाही तो नीट खेळत नाही. व्हर्ना माझं ऐकत नाही, तू सांग. वीस मिनिटं ठीक आहेत.

एक्के पुन्हा टाकू नकोस. पत्ते आले की खेळायचे, समोर कुणी का असेना.

या महिन्यातली स्पर्धा रद्द करा. त्या आठवड्यात बोट हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायची आहे. तुझी सुटी त्याच आठवड्यात असते असं व्हर्ना म्हणते.

हेडली