तांब्याला लोहचुंबक चिकटत न्हाय

निपाणी, ४ ऑगस्ट १९७६

चि. सत्याप्पास आजीचा जयभीम आन् आशीर्वाद.

पारूचा, म्हणजे तुझ्या आईचा, ताप उतरत न्हाय. डॉक्टरनं मान हलवली. ये.

तू तिथं तांब्याच्या आत काय चालतंय ते बघतोस, असं कळल्यावर तिनं आपला पाण्याचा तांब्या चिंचेनं घासला. मधी दोनदा दम घ्यायला बसली. ट्रकवाल्या शामूबरोबर पाठवलाय. म्हणते, पोराला चांगलं तांबं मिळत नसंल. मी म्हटलं, तांब्याला लोहचुंबक चिकटत न्हाय, एवढं विड्या वळणाऱ्या बाईलाबी म्हाईत हाय. मग हा शाणा चुंबक लावून काय बघतो? उत्तर घेऊनच ये.

लोभ हाय तेवढा पुरे.

तुझी आजी तानुबाई

बेंगळूर, ९ ऑगस्ट १९७६

ती. आजीस व आईस सप्रेम जयभीम.

तांब्या पोचला. आईला सांग, प्रयोगात तो चालत नाही. आम्हाला काडीएवढं, अगदी निर्मळ तांबं लागतं. प्रयोगशाळेतली पोरं हसली, पण आता पाणी त्यातूनच पितात.

आजी, तुझं खरं आहे, चिकटत नाही. पण आत विजेचे कण धावतात आणि चुंबक त्यांच्या वाटा वाकवतो. काही वाटा फिरून जागेवर येतात. काही उघड्याच राहतात, कण पुढंच जात राहतो. चुंबक कुठल्या दिशेनं धरला यावर ते ठरतं. जरा वळवला की उघडी वाट मिटते.

हे मोजायला भयंकर गारठा लागतो. त्यासाठीचा पातळ केलेला हेलियम वायू कित्येक महिन्यांनी मिळालाय. सोडून आलो तर उडून जाईल. संपला की लगेच निघतो. आईला थांबायला सांग.

तुमचा सत्याप्पा

निपाणी, २ सप्टेंबर १९७६

चि. सत्याप्पास आशीर्वाद.

तार मिळून तू आलास तवा घर माणसांनी भरलेलं, म्हणून बोलले न्हाय. तुझं पत्र मी लेकीला अक्षर लावत वाचून दाखवलं व्हतं. उघड्या वाटेचं ऐकून हसली. म्हणाली, मग त्याला चुंबक जरा घराकडं वळव म्हणावं.

त्याच सांजंला पाणी मागितलं. मी सवयीनं कोनाड्यात हात घातला. तांब्या तुझ्याकडं. स्टीलच्या पेल्यानं पाजलं.

जाताना तू तांब्या मुकाट चुलीपाशी ठेवलास. का? मी रोज बघत बसू? शामूबरोबर परत धाडतेय. मी घासलेला न्हाय, तिचाच हात हाय त्यावर. पाणी पी. काळा पडला की चिंच लाव, रडत बसू नको.

आन् तुझं मोजून झालं का ते लिही. अर्धवट टाकून आला असशील तर मी तुला सोडणार न्हाय. ती थांबली न्हाय, निदान ते तरी पुरं कर.

मागच्या पत्रात लोभ हाय तेवढा पुरे लिहिलं व्हतं. आता वाढव.

तुझी आजी तानुबाई